तिसऱ्याच्या ओळखीनं

वर्ध्याजवळच्या सावंगीला आमचं घर हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आईबाबांनी ते बांधलं तेव्हा मागच्या बाजूला तुरीचं शेत होतं. आता तिथं मेस आहेत, झेरॉक्सची दुकानं आहेत, मेडिकलच्या पोरापोरींची होस्टेलं आहेत. बाबा गेल्यावर वरची खोली रिकामी पडली. आई एकदा हॉस्पिटलात कुणाला तरी भेटायला गेली, तेव्हा आर्वीकडची एक बाई व्हरांड्यात चादर टाकून बसलेली तिला दिसली. बाईचा नवरा आयसीयूत होता आणि ती कित्येक दिवस तिथंच झोपत होती. आई येताना तिला घरीच घेऊन आली. वरची खोली पहिल्यांदा अशी वापरात आली.

पुढे गल्लीतल्या आणखी काही घरांनी आपापल्या खोल्या देऊ केल्या. बहुतेक घरं निवृत्त लोकांची, मुलं पुण्याला नाहीतर बाहेरदेशी. पेशंटचे नातेवाईक बाहेरगावाहून येतात, त्यांना पाठ टेकायला जागा हवी असते. कुणाला कोणती खोली द्यायची, किल्ली कुणाकडे ठेवायची, हे सगळं आईच पाहायची. ती आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती, त्यामुळे माणसं जागेवर बसवायची तिला सवय होती. मी पुण्याची कंपनी न सोडता घरून काम करायला लागले आणि सावंगीला परत आले, तेव्हा तिचा हा कारभार कागदाच्या चिटोऱ्यांवर चालला होता. मी तिला एक छोटी वेबसाईट करून दिली. खोल्यांचे फोटो, रिकाम्या तारखा, आणि नाव नोंदवायची सोय.

नाव नोंदवताना मोबाईल नंबर आणि पासवर्ड द्यावा लागे. पण तेवढ्यानं भागत नसे. ही आईची अट होती. नवीन कुणी नाव नोंदवलं की ती स्वतः त्या नंबरवर फोन करायची, आणि बोलणं झाल्यावर टॅबलेटवर ‘मंजूर’ असं बटण दाबायची. त्याशिवाय खातं सुरू होत नसे. मला सुरुवातीला ते जुन्या वळणाचं वाटलं. मग मी तिचे फोन ऐकायला लागले. गाव कोणतं, पेशंट तुमचं कोण, कोणत्या वॉर्डात आहे, सोबत कोण येऊन राह्यलं, तिखट चालते का, एवढं ती सहज विचारून घ्यायची. बोलता बोलता कुणीतरी ओळखीचं निघायचंच. समोरच्याच्या गावची शाळा, तिथले हेडमास्तर, कुणाची तरी वहिनी. आपला जिल्हा काही फार मोठा नाही. फोन ठेवेपर्यंत तो माणूस तिच्या दृष्टीनं पाहुणा झालेला असे, आणि तो आला की संध्याकाळी ती हातात डबा घेऊन त्याच्या खोलीवर जाऊन यायची.

त्रास नव्हता असं नाही. लोक पासवर्ड विसरत. मोबाईलवर यायचा तो ओटीपी वेळेवर येत नसे. अपघात विभागाच्या दारात उभा राहून घाबरलेला माणूस काय टाइप करणार? आई एकटीच मंजुरी देणारी. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या दिवशी कारंज्याकडचा एक जण नाव नोंदवून वाट पाहत राहिला. मी आईपाशी होते, माझंही लक्ष गेलं नाही. त्याच्यासोबत त्याची म्हातारी आई होती. दोघांनी हॉस्पिटलच्या बाकावरच दिवस काढला. दुसऱ्या दिवशी हे कळलं तेव्हा आई डोळ्याला पट्टी असतानाच मला म्हणाली, “हे असं नाई चालत. तू काहीतरी कर.”

म्हणून मी ते केलं. आजकाल जिथं तिथं असतं तसं बटण: फोनमध्ये तुमचं जे ईमेलचं खातं आधीच आहे, त्याच खात्यानं आत या. नवा पासवर्ड नको, ओटीपी नको. माझ्यासारख्या रोज हेच काम करणारीसाठी ही मोठी गोष्ट नव्हती. तरी पहिल्या दिवशी अडलंच. बटण दाबलं की माणूस त्या ईमेलवाल्या कंपनीच्या पानावर जातो, तिथं हो म्हणतो, आणि कंपनी त्याला परत आमच्या साईटवर पाठवते. परतीचा पत्ता दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखा लागतो. मी शेवटची एक तिरकी रेघ विसरले होते, आणि अर्धी दुपार त्यात गेली. चाललं तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं.

तिनं टॅबलेट हातात घेऊन दोनतीनदा आतबाहेर करून पाहिलं. मग विचारलं, “म्हणजे हा माणूस कोण आहे, हे आपल्याले कोण सांगते?”

मी म्हटलं, “ती कंपनी सांगते. नाव, ईमेल आणि फोटो पाठवते.”

“त्या कंपनीले तो माणूस माहीत आहे?”

“त्याचं खातं माहीत आहे.”

“बरं,” ती म्हणाली, आणि कणिक मळायला आत गेली.

मोबाईल नंबरची जागा मी ठेवली होती, पण सक्तीची नव्हती. कंपनी नंबर पाठवत नाही, आणि घाईतल्या माणसाला आणखी एक रकाना कशाला भरायला लावायचा, असा माझा विचार. तो त्या वेळी बरोबरच होता. मंजुरीचं बटणही काढून टाकलं. लोक येऊ लागले, खोल्या भराभर लागू लागल्या. गल्लीतल्या सगळ्यांनी माझं कौतुक केलं. आईचे फोन कमी झाले. तिच्या खांद्याचं दुखणंही कमी झालं, दुपारी ती चक्क झोपायला लागली. सकाळी चहा घेताना ती टॅबलेटवर आलेली नावं पाहायची. नावाशेजारी छोटा गोल फोटो असे. गावाकडे आईबापाच्या फोनमध्ये खातं पोरंच उघडून देतात, त्यामुळे त्या फोटोंची मोठी गंमत व्हायची. साठीतल्या बाईच्या जागी बाळ दिसे, कुणाच्या नावापुढे ट्रॅक्टर, तर एकाचं नावच ‘माँ का आशीर्वाद’ होतं. आम्ही दोघी हसायचो. नंबर असला तर आई अजूनही कधीकधी फोन लावायची, पण नसला तर राहून जायचं.

उन्हाळ्याच्या तोंडी एक नाव आलं. फोटोत गॉगल लावून मोटारसायकलवर बसलेला तरुण मुलगा. नंबर दिलेला नव्हता. मागच्या गल्लीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांची खोली त्यानं घेतली होती. पोस्टमास्तर आणि काकू तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेले होते, किल्ली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात असायची. आईनं फोटो पाहिला आणि म्हणाली, कॉलेजातल्या कोण्या पोराचा मित्र दिसते. परीक्षेच्या दिवसांत असे मित्र येतच असत. तिनं टॅबलेट ठेवून दिला.

ती खोली बरेच दिवस भरलेली होती. मग रिकामी झाली. कुणी गेलं की साईट आपोआप एक निरोप पाठवते: राहणं कसं झालं, काही सांगायचं आहे का. बहुतेक लोक उत्तर देत नाहीत. त्या मुलानं दिलं. खोली चांगली होती, माझ्या काकांना काही त्रास झाला नाही, काकू मात्र गेल्या, आम्ही त्यांना गिरडला घेऊन आलो, तुमचे आभार. एवढंच होतं.

आईनं ते चष्मा लावून वाचलं. “काका?” म्हणाली. “म्हणजे तिथं पोरगा नव्हता राहत?” मग पुन्हा वाचलं. गिरडचं नाव वाचून ती मला म्हणाली की याचा नंबर मागून घे. मी त्याला उत्तर लिहिलं, त्यानं लगेच नंबर दिला. तो हिंगणघाटला नोकरीला होता. काकांना फोनमधलं काही जमत नाही म्हणून त्यानंच आपल्या खात्यातून खोली घेऊन दिली होती, आणि एकदाच येऊन किल्ली काढून देऊन गेला होता.

आई फोनवर बोलत होती तेव्हा मी शेजारच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. दार उघडं होतं. मला तिचे प्रश्न ऐकू येत होते, नेहमीचेच. काकू काय करत होत्या? कोणत्या शाळेत? माहेर कुठलं? मग तिनं काकूंचं लग्नाआधीचं नाव विचारलं. पलीकडे त्या मुलाला ते माहीत नसावं, तो कुणाला तरी विचारायला गेला असावा, कारण आई फोन कानाला लावून नुसती उभी होती. नंतर ती पलंगाच्या काठावर बसली. माझी मीटिंग संपली तरी ती तशीच बसलेली होती.

“ती होती,” ती म्हणाली.

मला लगेच समजलं. आईच्या बोलण्यात ‘ती’ म्हणजे एकच मैत्रीण. आईची पहिली नेमणूक गिरडजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत झाली होती, आणि तिची पण. दोघींनी गिरडला एक खोली भाड्यानं घेतली होती. एकच स्टोव्ह, एकच बादली. दोघी आळीपाळीनं स्वयंपाक करायच्या आणि एकमेकींच्या वरणाला नावं ठेवायच्या. आईला सायकल तिनंच शिकवली, टेकडीखालच्या उतारावर, मागून धरते म्हणून सांगून केव्हाच हात सोडून. शनिवारी अर्धी शाळा झाली की दोघी दर्ग्याची टेकडी चढून वर वाऱ्याला बसत. आईला पगारी नोकरीचा पहिला मोकळेपणा तिच्यासोबत मिळाला होता. मी लहान असताना आई कधी खूप हसली तर बाबा म्हणायचे, आज गिरडची आठवण झाली वाटते.

लग्नानंतर आईची बदली नाचणगावला झाली, बाबा पुलगावला कामाला होते. मैत्रीण गिरडलाच दिली गेली. सुरुवातीला पत्रं होती. मग मुलं झाली, सासू-सासऱ्यांची दुखणी आली, बदल्या झाल्या. दोघींमध्ये काही बिघडलं नव्हतं. फक्त आज ना उद्या भेटू, असं म्हणत दोघी म्हाताऱ्या झाल्या. दोघींची आडनावं बदलली होती, आणि मोबाईल आले तेव्हा एकमेकींचा नंबर कुणाकडे मागायचा हेही राहिलं नव्हतं.

तेराव्याची वाट न पाहता आम्ही त्याच आठवड्यात गिरडला गेलो. मी गाडी चालवत होते. समुद्रपूरच्या पुढे आई खिडकीतून एकेक जागा सांगायला लागली, इथं आमची बस बंद पडलती, इथं एक विहीर होती. माझ्याशी नव्हे, आपल्याशीच.

घर गावातच होतं, पुढं दुकान आणि मागं राहणं. मैत्रिणीचे यजमान ओसरीत सतरंजीवर बसले होते, डोकं भादरलेलं, अंगात पांढरी बंडी. आई समोर जाऊन बसली आणि आपलं माहेरचं नाव सांगितलं. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“तुमीच काय त्या,” ते म्हणाले. “तुमी आल्या असत्या तर खाटेवरून उठून बसली असती ती.”

मग ते हळूहळू सांगू लागले. किडन्यांचा आजार होता. नागपूरला न्यायचं की वर्ध्याला, असं झालं, शेवटी सावंगीला आणलं. मुलगा हैदराबादला, तो शेवटी पोचला. दिवसा ते तिच्याजवळ बसत, झोपायला खोलीवर जात. शुद्धीत होती तोवर ती बोलायची. मग म्हणाले, “दोनदा म्हणाली मले. माझी मैत्रीण वर्ध्यालेच असते म्हणतात, कोणाले तरी इचारून पाहा न. म्या म्हटलं, वर्धा काय एवढुसं आहे का? तू बरी हो, मंग आपण दोघं मिळून शोधू.”

मला वाटलं, आई आता ते सांगणार नाही. सांगून कुणाचं काय भलं होणार होतं? पण माझी आई खोटं बोलत नाही, आणि गप्प राहून बोललेलं खोटंही तिला जमत नाही.

“भाऊजी,” ती म्हणाली, “तुम्ही ज्या खोलीत राह्यले न, ती मीच पाहते. माझं घर पुढच्याच गल्लीत आहे.”

त्यांनी आत सुनेला चहा ठेवायला सांगितलं. चहा येईपर्यंत मी सतरंजीच्या कडेचे धागे पाहत होते. साईटवर सगळ्यात खाली ‘संपर्क’ म्हणून आईचं नाव आणि नंबर लिहिलेला आहे. सासरचं नाव. त्या पुतण्यानं ते पाहिलं असेल आणि सोडून दिलं असेल, त्याला काय कळणार होतं?

चहा घेताना त्यांनी विचारलं, “कंपाउंडपाशी मोगरा आहे, ते घर तुमचं?”

“हो.”

“रोज तिकडूनच जात होतो. एक दिवस दोन कळ्या तोडून नेल्या तिच्यासाठी. न इचारता. उशाशी ठेवल्या.” ते कपाकडे पाहत राहिले. “लई वेळ वास घेत होती.”

आईनं पदर डोळ्यांना लावला. ती चारचौघांत रडणारी बाई नाही. बाबांच्या वेळीही तिनं लोकांसमोर धीर धरला होता. त्या ओसरीत मात्र तिला आवरलं नाही, आणि तिला धीर द्यायला तो भादरल्या डोक्याचा माणूसच पुढे झाला. “बरं झालं न बाई,” ते म्हणत होते, “तुमच्याच घरचा निघाला मोगरा.” आतून सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थांबली.

परतताना मी आईला म्हटलं की ते बटण मी आजच काढून टाकते, पुन्हा आधीसारखं करू. ती खिडकीबाहेर पाहत होती. “नको,” म्हणाली. “ज्याचं माणूस आत पडलं आहे त्याले पासवर्ड कुठून आठवन? राहू दे.” थोड्या वेळानं म्हणाली, “कारंज्याचा तो म्हाताऱ्या मायले घेऊन बसला होता, ते पण मले विसरता येत नाई.”

त्या आठवड्यात मी सगळा प्रोग्राम पुन्हा उघडून वाचला. काय शोधत होते, कुणास ठाऊक. काहीच चुकलं नव्हतं. कंपनीनं जे नाव पाठवलं, तेच साईटनं दाखवलं, जो फोटो होता तोच लावला. चूक सापडली असती तर मी ती दुरुस्त करून मोकळी झाले असते. शेवटी मी मोबाईल नंबर सक्तीचा केला, आणि पेशंटचं गाव व नातं विचारणारे दोन रकाने टाकले. फार उशिरा आणि फार थोडं, असं टाकतानाही वाटत होतं.

रकाने भरून यायला लागले, पण आईनं फोन हातात घेतला नाही. नागपूरहून परतलेल्या पोस्टमास्तरीण काकूंनी ते काम आपल्याकडे घेतलं. त्या फोन करतात, कधी पोचणार विचारतात, किल्लीची जागा सांगतात आणि ठेवतात. त्यांचं काम चोख आहे. आईनं डबे देणं मात्र बंद केलं नाही, उलट आता ती कुणाचीही माहिती न घेता प्रत्येक खोलीचं दार वाजवते. उघडणारा गोंधळतो. ती डबा हातात देते, दोन शब्द बोलते आणि परत येते. आधी ती तासभर बसून यायची.

पावसाळ्यात मैत्रिणीचे यजमान हॉस्पिटलातून कसलेसे कागद न्यायला आले, तेव्हा आईनं त्यांना आमच्याच घरी उतरवून घेतलं. तिनं पातोडीची भाजी केली, भाकरी केली. जेवताना ते बायकोबद्दल सांगत होते आणि आई गिरडच्या खोलीबद्दल. ऐकताना माझ्या लक्षात आलं की दोघं दोन निरनिराळ्या बायांबद्दल बोलताहेत. आईची मैत्रीण सायकलवरची, विशीतली. त्यांची बायको गुडघे धरून चालणारी, दुकानात बसून उधारीवाल्यांना झापणारी, नातवाला अभ्यासाला बसवणारी. मधली एवढी सगळी वर्षं दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याला देता येत नव्हती. आई प्रश्न विचारत राहिली, ते उत्तरं देत राहिले. नंतर प्रश्न संपले. कागद मिळाल्यावर मी त्यांना बसवर सोडून आले.

नंतर ते दर सणाला फोन करायचे. तब्येत कशी, पाऊसपाणी कसं, एवढंच बोलणं व्हायचं. आई फोनची वाट पाहायची, आणि फोन आला की तिला काय बोलावं ते सुचायचं नाही. मागच्या दिवाळीला त्यांचा फोन आला नाही. मी म्हटलं, तू लाव. ती म्हणाली, लावते उद्या. अजून लावलेला नाही.